घरच्यांनी हाताने घडवलेल्या बोन्साय कुंड्या कशा जपाव्यात

जुन्या कुंड्या हाती आल्या की पहिली इच्छा होते ती घासून लख्ख करण्याची. तेच सगळ्यात शेवटी करा. कुंडीआधी तिची माहिती हरवते, म्हणून सुरुवात वहीपासून.

१. नोंद

प्रत्येक कुंडीला क्रमांक द्या. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये, मातीचा रंग, झिलई आहे की नाही, तळावर शिक्का किंवा बोटाची खूण आहे का, हे लिहा. चारही बाजूंचे, आतला आणि तळाचा असे फोटो काढा. मग घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीसमोर एकेक कुंडी ठेवून बोलतं करा आणि फोनवर रेकॉर्ड करा: कोणी घडवली, कोणतं झाड होतं, कुठल्या भट्टीत भाजली. कुंडी हातात आली की जे आठवतं, ते नुसतं विचारून आठवत नाही.

क्रमांक मार्करने लिहू नका, कच्च्या भाजणीच्या मातीत शाई मुरते. पाणी जायच्या भोकातून सुती दोरा ओवून चिठ्ठी बांधली की पुरे.

२. तपासणी

कुंडी काठाला किंवा पायाला धरून उचलू नका. पाय बहुधा वेगळे जोडलेले असतात आणि तिथेच निखळतात. दोन्ही हात तळाखाली घ्या. रिकामी कुंडी बोटांवर तोलून हलकी टिचकी मारा. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे असं समजा आणि उजेडात शोधा. भोकांत जुनी तार असेल तर काढा. लोखंडी तारेचा गंज मातीत उतरतो.

३. सफाई

मऊ कोरडा ब्रश, मग साधं पाणी. साबण नको, तारेची घासणी तर नकोच.

बिनझिलईच्या कुंडीवर वर्षानुवर्षं पाणी, ऊन आणि हात लागून जी मंद झाक येते, तिला जपानीत ‘जिदाई’ म्हणतात. तो मळ नाही. मी एका कुंडीवरची अशी झाक व्हिनेगरने घालवली, ती पुन्हा आली नाही. म्हणून इतकं सांगते आहे. तेल चोळून खोटी चमकही आणू नका; तेल छिद्रांत बसतं आणि धूळ धरतं.

पांढरा थर मात्र जड पाण्यातल्या आणि खतातल्या क्षारांचा असतो. आधी कुंडी भिजवून बांबूच्या काडीने तो खरवडा. अगदीच हटत नसेल तर भरपूर पाणी घातलेलं व्हिनेगर तळावर, न दिसणाऱ्या जागी लावून बघा. त्याआधी कुंडी पाण्याने पूर्ण भिजलेली हवी, म्हणजे आम्ल आत शिरणार नाही. नंतर पाणी बदलत एक-दोन दिवस बुडवून ठेवा. मऊ झिलईची, चीर गेलेली किंवा सांधलेली कुंडी या वाटेला नेऊच नका.

४. वापर

झाड लावायचं असेल तर भक्कम भाजणीच्या कुंड्या निवडा. आत वळलेल्या काठाच्या कुंडीत मुळं दाटली की झाड निघत नाही आणि शेवटी एकतर मुळं कापावी लागतात, नाहीतर कुंडी फुटते. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. गोठणाऱ्या थंडीत सच्छिद्र कुंडी बाहेर ठेवू नका.

५. फुटली तर

चुरासुद्धा गोळा करा, तुकडे वेगवेगळे गुंडाळा. झटपट चिकटणारा गोंद टाळा. तुकडा सरळ बसायच्या आत तो पक्का होतो. किंत्सुगी, म्हणजे तुकडे उरुशी या झाडाच्या चिकाने सांधून सांध्यांवर सोन्याची पूड लावायची जपानी पद्धत, सुंदर दिसते, पण तो चीक उन्हात खराब होतो, तेव्हा अशी कुंडी सावलीतच शोभेसाठी ठेवा.

६. साठवण

काही दिवस वाळवून, जड कुंड्या खालच्या फळीवर. एकात एक घालायच्याच तर मध्ये सुती कापड. वर्तमानपत्राची शाई उतरते, प्लास्टिकमध्ये ओल कोंडते.

वहीची आणि रेकॉर्डिंगची एक प्रत दुसऱ्या घरी राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा.