सातबाऱ्यावर नसलेली नावं

सनद मिळाली तेव्हा वाटायचं, जमिनीची वकिली म्हणजे खरेदीखतांचे मसुदे. मसुदा सोपा असतो हो. त्याआधी जे वाचावं लागतं, त्यात कस लागतो.

पहिल्याच वर्षी सिनियरांनी एका शेतजमिनीचा सर्च, म्हणजे मालकीच्या कागदांची तपासणी, दिली. सातबारा स्वच्छ, खातेदार एकच, बोजा नाही. सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी, तीस वर्षांची तपासली, एकही दस्त नाही. टायटल क्लिअर म्हणून अहवाल टाइप केला आणि ऐटीत टेबलावर ठेवला. सरांनी तो उघडलासुद्धा नाही. "फेरफार कुठायत?" एवढंच विचारलं.

जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी, काढले, तर त्या खातेदाराच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. गडी सगळ्या घराच्या वतीनं नाव लावून बसलेला, आणि ती तीन अक्षरं पुढच्या सातबाऱ्यावर उतरलीच नव्हती. वडिलांच्या वारसनोंदीत दोन बहिणींचा पत्ताच नाही. आमच्या अशिलानं दाव्यासकट जमीन घेतली असती.

तेव्हापासून ज्युनिअरांना सांगते: सातबारा हा महसुली कागद आहे, त्यानं मालकी शाबीत होत नाही. त्यावरचा प्रत्येक फेरफार क्रमांक उघडा. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विकण्यावर बंधन असलेली जमीन, दिसली की सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचं आधी बघा. ‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश वाचा, कुळाचं नाव तिथेच दडलेलं असतं. आणि एकदा तरी शेतावर जा. कसतंय कोण, हे बांधावर कळतं.

फ्लॅटच्या कामात मोफा 1963 आणि रेरा 2016 हे बिल्डरांवरचे कायदे लागतातच. व्यापारी अशील बहुतेक भांडण झाल्यावरच उगवतात. भागीदारी संस्था नोंदवलेली नसेल, तर 1932 च्या कायद्याचं कलम 69 आडवं येतं आणि करारातल्या येण्यासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. हे ऐकताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनेलबद्दल. मानधन तुटपुंजं असतं आणि त्या पक्षकाराकडून वेगळी फी घ्यायची नसते, म्हणून नवे वकील नाक मुरडतात. मी सांगेन, जरूर जा. 1987 च्या कायद्यानुसार बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे कित्येक जणींना तिथे आल्यावरच कळतं.

एकदा एक मावशी प्लॅस्टिकच्या पिशवीतून हक्कसोडपत्र घेऊन आल्या. "भाऊ म्हणतो सही कर, नाहीतर माहेर तुटेल." मी सल्ला दिला नाही, आधी दस्त मोठ्यानं वाचून दाखवला. ‘कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने’ इथे त्यांनी मला थांबवलं. "हे पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. मग हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीलाही जन्मतः वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिलाय, ते सांगितलं.

अशा दुपारींनी माझा सर्च सुधारला. आता वारसनोंद उघडली की पहिल्यांदा तीत मुली किती आहेत ते मोजते. एकही नसेल, तर विकणाऱ्याला सरळ विचारते, "बहिणी किती तुम्हाला?" बहुतेक जण आधी खरेदीदाराकडे बघतात.

मावशींनी सही केली नाही. भाऊबीजेला भाऊ आला नाही, एवढं मात्र पुढच्या खेपेला सांगून गेल्या.