डिस्क सँडरला (फिरत्या चकतीवर लाकूड घासायच्या यंत्राला) किती नंबरचा सँडपेपर लावावा?

एकच पेपर लावून ठेवायचा असेल तर 80 नंबर. कड सरळ करणं, कोपरा गोल करणं, आखलेल्या रेषेपर्यंत घासणं, सगळं त्यात भागतं. खूप लाकूड काढायचं असेल तरच 60. गुळगुळीतपणाच्या मोहात 180 किंवा 220 लावू नका. बारीक दाणे लगेच भुशानं भरतात, मग पेपर कापत नाही, नुसता तापतो आणि लाकूड काळं पडतं. सागाच्या आडव्या छेदावर तर हमखास! फार तर 120, तोही हलक्या हातानं. डिस्कचे गोलसर ओरखडे राहतातच. ते हातानं, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, आधी 120 आणि मग 180 नं काढा. डिस्कची जी बाजू फिरताना खाली जाते, लाकूड नेहमी तिलाच टेकवा.