कार्टूनचं डोकं काढायचंय? आधी डोळ्यांची रेषा ठरवा

कार्टून काढायला घेतलं की बहुतेक जण थेट डोळ्यांवरच तुटून पडतात, पापण्या, बुबुळं, चमक सगळं मन लावून काढतात, मग नाक, मग तोंड, आणि केस काढायची वेळ आली की कळतं अरे कपाळाला जागाच नाही उरली. हात चांगला असूनही चित्र फसतं ते इथेच. कॅरेक्टर डोळ्यांच्या नक्षीत नसतं हो, डोळे डोक्यावर कुठे बसवलेत त्यात असतं, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

आधी खऱ्या माणसाचं माप बघू. पट्टी घ्या, आरशासमोर उभे राहा, टाळूपासून डोळ्यांपर्यंत आणि डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत मोजा. दोन्ही जवळजवळ सारखं भरेल. म्हणजे मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या बरोब्बर मधे असतात, पण आपल्याला ते वर वाटतात कारण केसांखालची कवटी आपण धरतच नाही.

आता कागदावर. एचबी पेन्सिल हलक्या हाताने धरा आणि ६ सेंमी व्यासाचं सर्कल काढा, कंपास नको, हातानेच, थोडं वाकडं आलं तरी चालतं. मधून एक उभी लाइन काढा आणि ती सर्कलच्या खाली २ सेंमी वाढवा, तिथे हनुवटी. सर्कलच्या दोन्ही बाजूंकडून हनुवटीपर्यंत जबड्याच्या रेषा आणा, झालं ८ सेंमीचं डोकं. आता गंमत बघा, सर्कलच्या मध्यावर भुवया येतात, त्याच्या १ सेंमी खाली डोळे, सर्कल जिथे संपतं तिथे नाकाचं टोक, आणि नाक ते हनुवटी या अंतराचे तीन सारखे भाग केले तर पहिला भाग संपतो तिथे तोंड. कान भुवयांपासून नाकाच्या टोकापर्यंत. रुंदीत खरे डोळे पाच बसतात, म्हणजे एक डोळा साधारण सव्वा सेंमी आणि दोघांच्या मधे अजून एका डोळ्याची जागा. कार्टूनमध्ये डोळे याहून मोठे करायला काहीच हरकत नाही, पण मूळ जागा माहीत असली की किती सरकवलं ते कळतं.

आणि सरकवण्यातच सगळी मजा आहे.

लहान मूल काढायचंय तर सर्कल तेच ठेवा, हनुवटी फक्त अर्धा सेंमी खाली घ्या आणि डोळ्यांची लाइन मध्याच्या खाली उतरवा, वरून साधारण सव्वाचार सेंमीवर. डोळे मोठे, एकमेकांपासून लांब, नाक म्हणजे डोळ्यांच्या जरासं खाली एक ठिपका, तोंड त्याला चिकटूनच, गाल सर्कलच्या थोडे बाहेर आले तरी छान दिसतात. भुवयांची रेघसुद्धा नसली तरी बघणारा म्हणतो, अगं किती गोड! कोनराड लोरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये हेच मांडलं होतं, मोठं कपाळ, खाली बसलेले मोठे डोळे आणि गुबगुबीत गाल दिसले की आपल्याला आपोआप माया वाटते. म्हणून कार्टूनमधलं कुत्र्याचं पिल्लू असो की बोलणारा टोमॅटो, गोड करायचा असेल तर कपाळ वाढवा आणि डोळे खाली आणा.

आजोबा काढताना नुसत्या सुरकुत्या मारत बसू नका, सुरकुत्यांनी वय दिसत नाही, चेहरा फक्त मळका दिसतो. दात गेले की वरचा आणि खालचा जबडा जवळ येतो, त्यामुळे नाक आणि हनुवटी यांच्यातलं अंतर कमी करा, हनुवटी थोडी पुढे आणि वर उचला, ओठ आत ओढून एकच बारीक रेघ द्या. झालं बोळकं. वर कान मोठे करा, कारण वयाबरोबर कान खरंच लांबतात. एवढ्यावर एकही सुरकुती नसताना आजोबा तयार होतात, हे मला अजूनही फार भारी वाटतं.

पैलवान हवा असेल तर उलटं, कवटीचं सर्कल लहान आणि जबड्याचं मोठं, डोळे वरच्या सर्कलमध्ये एकमेकांच्या जवळ, मान जबड्याएवढी रुंद. काटकुळ्या मास्तरांना उभी लांब कॅप्सूल. अशी दोन-तीन डोकी एका रांगेत काढून बघा, नाक-डोळे न काढताच कोण कोण आहे ते ओळखू आलं पाहिजे. नाही आलं तर आकार अजून ताणा, आपण सगळे फार घाबरत घाबरत ताणतो.

डोकं वळवायचं कसं, हा प्रश्न सगळ्यांना येतोच. एक साधा रबरी बॉल घ्या, त्यावर स्केचपेनने एक उभी आणि एक आडवी लाइन मारा, आणि तो हातात फिरवून बघा. डोकं उजवीकडे वळलं की उभी लाइन उजवीकडे सरकते आणि वाकते, लांबचा डोळा अरुंद होतो. वर बघितलं की डोळ्यांची लाइन कमानीसारखी वर जाते आणि कान त्या मानाने खाली येतात, खाली बघितलं की लाइन खाली झुकते आणि कान वर. कानांची ही अदलाबदल विसरली की मान मोडल्यासारखी दिसते, त्यामुळे आधी कान तपासा.

केस नेहमी शेवटी, आणि कवटीच्या बाहेर. कवटीच्या लाइनवरच केस चिकटवले तर टोपी काढल्यावर दबलेले दिसतात तसे दिसतात.

कॅरेक्टर आवडलं की त्याच कागदाच्या कोपऱ्यात त्याचं माप लिहून ठेवा, डोळे मध्याच्या किती खाली, कान कुठून कुठे, डोक्याच्या मानाने मान किती. समोरून, थ्री-फोर्थ म्हणजे अर्धवट वळलेलं आणि साइडने अशी तीन डोकी शेजारी शेजारी काढा आणि डोळे, नाक, हनुवटी यांच्यातून आडव्या लाइन पट्टीने पार ओढा, तिन्हीत उंची जुळली पाहिजे. पुढे चार चौकटींची पट्टी काढाल तेव्हा तिसऱ्या चौकटीत तोच पोरगा त्याच्या दादासारखा दिसायला लागतो ना, ते याने थांबतं.

पेनने फायनल करण्याआधी कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा, एक डोळा वर गेलाय की जबडा एका बाजूला कललाय ते लगेच दिसतं. तिथेच पेन्सिलने दुरुस्त करा, मग इंक, आणि शाई पूर्ण वाळल्यावरच खोडरबर.