टायकान क्रॉस टुरिस्मो की स्पोर्ट टुरिस्मो? निवडताना या चुका टाळा

पोर्शेची इलेक्ट्रिक गाडी टायकान २०१९ साली आली ती सेडान म्हणून. मार्च २०२१ मध्ये तिची मागून लांब छताची, पाचव्या दरवाजाची क्रॉस टुरिस्मो आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या मोटर शोमध्ये स्पोर्ट टुरिस्मो दाखवली गेली. मी राहतो स्टुटगार्टजवळ. टायकान बनते तो झुफेनहाउझेनचा कारखाना इथलाच, त्यामुळे या दोन्ही गाड्या रस्त्यावर रोज दिसतात. इथे आयटीत आणि मोटार उद्योगात असलेल्या मराठी मित्रमंडळींत कुणाची कंपनीची गाडी बदलायची वेळ आली, की प्रश्न ठरलेला असतो: क्रॉस घेऊ की स्पोर्ट?

बहुतेक जण या प्रश्नाचं उत्तर चुकीच्या जागी शोधतात आणि मग दहा-पंधरा हजार युरो नको तिथे जातात. ते होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

नावावरून स्वभाव ठरवणं

क्रॉस म्हणजे कच्च्या रस्त्याची आणि स्पोर्ट म्हणजे वेगाची, असं नाव ऐकून वाटतं. पण दोन्ही गाड्यांची बॉडी एकच आहे. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) तोच, छताची रेषा तीच, मागचा दरवाजा तोच. सेडानपेक्षा मागच्या सीटवर डोक्याला साडेचार सेंटिमीटरच्या आसपास जास्त जागा मिळते, तीही दोघींत. क्रॉसच्या चाकांभोवती काळी प्लास्टिकची पट्टी असते, बंपरचा खालचा भाग वेगळा असतो, गाडी सेडानपेक्षा २० मिलिमीटर उंच उभी राहते आणि खडीच्या रस्त्यासाठी ‘ग्रॅव्हल’ नावाचा ड्रायव्हिंग मोड मिळतो. डोळ्यांना दिसणारा फरक इथे संपतो.

खरा फरक आहे तो गाडीबरोबर मुळातच काय येतं, यात. क्रॉस टुरिस्मो कुठलीही घ्या, तिला फोर व्हील ड्राइव्ह, एअर सस्पेन्शन (स्प्रिंगांऐवजी हवेवर पेललेली, उंची बदलता येणारी गाडी) आणि मोठी बॅटरी असतेच. स्पोर्ट टुरिस्मो मात्र फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. २०२४ च्या आधीच्या साध्या स्पोर्ट टुरिस्मोत लहान बॅटरी आणि साध्या स्प्रिंगाही असू शकतात. जीटीएस हे जास्त ताकदीचं मॉडेल हवं असेल तर ते फक्त स्पोर्टमध्येच आहे, क्रॉसमध्ये नाही.

बरोबरीच्या नसलेल्या गाड्यांच्या किमती ताडून बघणं

घोडं इथेच पेंड खातं. जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत सगळ्यात स्वस्त स्पोर्ट टुरिस्मो आणि सगळ्यात स्वस्त क्रॉस शेजारी शेजारी ठेवल्या, की क्रॉस बरीच महाग वाटते. पण त्या स्पोर्टमध्ये ७९.२ किलोवॉट-तासांची लहान बॅटरी असेल, क्रॉसमध्ये ९३.४ ची असेल. मोठी बॅटरी, एअर सस्पेन्शन आणि पुढची मोटर या तिन्हींची किंमत आधी वेगळी काढा. मग उरेल तो क्रॉसचा खरा जादा भाव, आणि तो अनेकदा अगदी थोडा असतो.

उलटंही होतं. मोठी बॅटरी आणि एअर सस्पेन्शन घातलेली, मागच्या चाकांची स्पोर्ट टुरिस्मो समोर आली, तर लोक ‘ही साधी आहे’ म्हणून पुढे जातात. फेसलिफ्टच्या, म्हणजे २०२४ मधल्या मोठ्या बदलांच्या, आधीच्या गाड्यांत मोठ्या बॅटरीची ही स्पोर्ट आणि क्रॉस ४ (क्रॉसमधलं सगळ्यात साधं मॉडेल), दोघींची लाँच कंट्रोलमधली (जोरात निघताना क्षणभर मिळणारी) ताकद एकसारखीच, ३५० किलोवॉट म्हणजे ४७६ अश्वशक्ती आहे. पुढची मोटर नसल्यामुळे ती हलकी आहे आणि वीजही कमी खाते. वर्षभर शहरात आणि महामार्गावरच चालवणार असाल, तर माझ्या मते याच गाडीत पैशांचं सगळ्यात जास्त मोल मिळतं.

२० मिलिमीटरना जास्त किंवा कमी लेखणं

हा फरक बोटाच्या एका पेराएवढा. तरीही घरच्या पार्किंगमध्ये शिरताना तो कामी येतो का, हे प्रत्यक्ष मोजायलाच हवं. टायकानचं पोट लांब आहे, सगळी बॅटरी त्यातच आहे, आणि व्हीलबेस २.९ मीटर. जर्मनीतल्या जुन्या सोसायट्यांच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार संपतो तिथे सिमेंटची एक धार असते. पुढची चाकं वर चढली की मधलं पोट त्या धारेवर येतं. अशा जागी २० मिलिमीटर पुरतात किंवा नाही पुरत, अधलंमधलं काही नसतं. ऑफरोड डिझाइन पॅकेज घातलेली क्रॉस आणखी १० मिलिमीटर वर असते.

मात्र एअर सस्पेन्शन असलेली स्पोर्टही कमी वेगात स्वतःला वर उचलते. ‘स्मार्ट लिफ्ट’मध्ये जागा एकदा नोंदवून ठेवली, की तिथे पोचल्यावर गाडी आपोआप उंच होते. तुमची अडचण फक्त घरच्या एका उतारापुरती असेल तर तेवढं पुरे. रोज शेतावर, लाकूडतोडीच्या रस्त्यावर किंवा डोंगरातल्या कच्च्या वाटेवर जात असाल, तर मात्र क्रॉसला पर्याय नाही, कारण लिफ्टची उंची वेग वाढला की टिकत नाही.

शोरूमच्या फरशीवर यातलं काही कळत नाही. टेस्ट ड्राइव्हला मिळालेली गाडी थेट आपल्या पार्किंगमध्ये आणा. कुणाला तरी उतारावर वाकून पोटाखालची फट बघायला सांगा, आणि घरातली सगळी माणसं आत बसवूनच हे करा.

पार्किंगवरूनच आणखी एक सांगतो. इथे वर-खाली सरकणारे लोखंडी प्लॅटफॉर्म असतात, एका जागेत दोन गाड्या ठेवायला. प्लॅटफॉर्मच्या कडेला एक पत्रा ठोकलेला असतो, त्यावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. जुन्या प्लॅटफॉर्मवर ती बऱ्याचदा २,००० किलो असते. पहिली क्रॉस ४ रिकामी २,२४५ किलोंची होती, आणि स्पोर्टही दोन टनांच्या वरच आहे. म्हणजे यात निवड कुठलीही करा, सुटका नाही. तो पत्रा करार करण्याआधी वाचा.

फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे बर्फाची काळजी मिटली, असं समजणं

हा गैरसमज धोक्याचा आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फावरून निघते, चढ चढते. थांबायची वेळ येते तेव्हा सगळं टायरवर असतं, आणि सव्वादोन टनांचं वजन थांबवायचं असतं. जर्मनीत बर्फ किंवा घसरणीच्या परिस्थितीत हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असावंच लागतं. ऑस्ट्रियातही १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थितीत हिवाळी टायर सक्तीचे आहेत. चांगल्या हिवाळी टायरवरची मागच्या चाकांची स्पोर्ट ही उन्हाळी टायरवरच्या क्रॉसपेक्षा सुरक्षित आहे. दर आठवड्याला आल्प्समध्ये स्कीइंगला जाणारे आणि चढावर घर असणारे यांनी फोर व्हील ड्राइव्ह जरूर घ्यावी, पण त्यासाठी क्रॉसच हवी असं नाही, स्पोर्टमध्येही चारही चाकांवर चालणारी ४एस आहे.

रेंजचा हिशोब क्रॉस-स्पोर्टमध्ये मांडणं

उंच गाडीला वारा जास्त अडवतो, त्यामुळे क्रॉसची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर, थोडी कमी भरते. २०२१ च्या क्रॉस ४ ची डब्ल्यूएलटीपी (युरोपातल्या ठरावीक चाचणीतली) रेंज जास्तीत जास्त ४५६ किलोमीटर होती, जीटीएस स्पोर्ट टुरिस्मोची ४९०. महामार्गावर १३० च्या वेगात, थंडीत, दोन्ही आकडे खाली येतात. २१ इंची चाकं घेतली तर आणखी. चाकांच्या आकारानं रेंजवर होणारा परिणाम लोक विचारातच घेत नाहीत, कारण मोठी चाकं फोटोत सुंदर दिसतात.

रेंजचा खरा फरक पडतो तो गाडी २०२४ च्या आधीची की नंतरची, यानं. फेब्रुवारी २०२४ च्या फेसलिफ्टनंतर मोठी बॅटरी १०५ किलोवॉट-तासांची झाली, त्यातले ९७ वापरता येतात, पूर्वी ८३.७ होते. जलद चार्जिंगची कमाल २७० किलोवॉटवरून ३२० वर गेली आणि १० ते ८० टक्के चार्ज १८ मिनिटांत होतो. उष्णता पंप (कमी विजेत गाडी उबदार ठेवणारा) आणि एअर सस्पेन्शन सगळ्यांनाच मिळू लागलं. क्रॉस की स्पोर्ट यावर महिनाभर डोकं लढवण्यापेक्षा, जमत असेल तर जुनीऐवजी नवी घेण्यावर विचार करा. लांब प्रवासाचं सगळं चित्रच त्यानं बदलतं.

जुनीच घेत असाल तर एक पर्याय जरूर तपासा. टायकानची बॅटरी ८०० व्होल्टची आहे. टेस्लाचे युरोपात सगळीकडे असलेले तिसऱ्या पिढीचे चार्जर तेवढं व्होल्टेज देत नाहीत. तिथे जुनी टायकान मुळात फक्त ५० किलोवॉटनं चार्ज होते, १५० चा जादा कन्व्हर्टर गाडी बनतानाच घातलेला असेल तरच वेग मिळतो. जाहिरातीत हे क्वचितच लिहितात. विक्रेत्याकडून मूळ ऑर्डरची यादी मागून घ्या.

चार्जिंग नेहमीपेक्षा हळू होतंय अशी तक्रार असेल तर आधी हे बघा: चार्जर नेव्हिगेशनमध्ये टाकून निघालात का? तसं केलं तरच गाडी वाटेत बॅटरी गरम करून ठेवते. थंड बॅटरी हळूच भरते, त्यात दोष गाडीचा नसतो. आणि जलद चार्जिंगचं तोंड उजव्या बाजूला आहे. डावीकडचं साध्या, हळू एसी चार्जिंगसाठीच आहे.

‘एस्टेट (मागे लांब छताची) आहे, म्हणजे सामान मावेल’

डिकी दोघींची सारखीच, ४४६ लिटर. मोठी म्युझिक सिस्टिम घेतली तर चाळीसेक लिटर कमी. मागच्या सीटा पाडल्या तर १,२०० च्या वर जागा होते. पुढच्या बॉनेटखाली चार्जिंगच्या केबल ठेवण्याइतपत सोय आहे. पण काच तिरपी उतरते, त्यामुळे उंच वस्तू, कुत्र्याचा पिंजरा, बाळाची मोठी गाडी बसेलच असं नाही. वस्तू घेऊन जा आणि ठेवून बघा. टायकानला ट्रेलर ओढण्याची परवानगीच नाही, दोघींनाही नाही. छतावर ७५ किलो चालतं, त्यात रॅक आणि बॉक्सचं वजनही धरा. मागे सायकली लावायच्या असतील तर त्याची तयारी गाडी ऑर्डर करतानाच मागावी लागते.

भारतातून आई-बाबा तीन महिने राहायला येणार म्हणून ‘उंच’ क्रॉस घेणारेही आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दोन सेंटिमीटरनं काही होत नाही, बसायला दोन्ही गाड्या खालीच आहेत. मागे तिघं बसवायची असतील तर मधल्या सीटचा पर्याय आहे का, ते मात्र नक्की बघा, नाहीतर गाडी चौघांचीच असते.

कागदपत्रं नंतर बघू म्हणणं

२०२४ मध्ये पुढच्या चाकांच्या ब्रेक होजमध्ये चिरा पडू शकतात म्हणून तोवर बनलेल्या सगळ्या टायकान कार्यशाळेत बोलावल्या गेल्या. काही गाड्यांच्या बॅटरी मॉड्यूलमध्ये शॉर्ट सर्किटची शक्यता निघाली म्हणून वेगळं रिकॉलही झालं. चासिस नंबर देऊन दोन्हींची कामं झाली आहेत का, ते लेखी घ्या. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे, त्यातली किती उरली तेही बघा.

कंपनीची गाडी असेल तर जर्मनीत मूळ छापील किमतीवर कर लागतो, पर्यायांसकट, आणि गाडी जुनी असली तरी पहिल्या नोंदणीचीच किंमत धरतात. १ जुलै २०२५ पासून घेतलेल्या इलेक्ट्रिक गाडीची किंमत एक लाख युरोपर्यंत असेल तर महिन्याला पाव टक्का, त्यावर गेली तर अर्धा टक्का तुमच्या करपात्र उत्पन्नात मिळवला जातो. १,२०,००० युरोंच्या गाडीला ६०० युरो. क्रॉसचा जादा भाव आणि मोठी चाकं या हिशोबात दर महिन्याला दिसतात.

आणि गाडी पुढे पुण्या-मुंबईला घेऊन जायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. भारतात उजव्या बाजूच्या स्टिअरिंगचीच गाडी आयात करता येते, जर्मनीतली डावीकडची नाही. ती विकायची इथेच, त्यामुळे रंग आणि पर्याय निवडताना पुढचा गिऱ्हाईक युरोपातला असणार, हे धरून चाला.