हॅरी पॉटरबद्दल शंभर जणांची शंभर मतं : त्यातून आपल्या पोराला कुठलं पुस्तक कधी द्यायचं ते कसं ठरवायचं

"अमक्याची मुलगी आठव्या वर्षी सातही भाग वाचून मोकळी झाली आणि आमचा गडी पहिल्या धड्याच्या पुढे सरकत नाही" असं एक जण म्हणतो आणि "असली भयंकर पुस्तकं मुलांच्या हातात देतातच कशी" असं दुसरा म्हणतो, आणि गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत असतात. मी आमच्या सोसायटीच्या लायब्ररीत मुलांचं कपाट बघते, त्यामुळे ही दोन्ही वाक्यं मला कधीकधी एकाच संध्याकाळी ऐकायला मिळतात.

तर पहिली गोष्ट, कुणीही मत दिलं की लगेच मान डोलवायची नाही, आधी दोन प्रश्न विचारायचे. कितव्या भागाबद्दल बोलताय? आणि वाचलंत तेव्हा तुम्ही केवढे होतात? बस. निम्मा गोंधळ इथेच मिटतो, कारण हॅरी पॉटर हे एक पुस्तक नाहीच, जादूच्या शाळेत जाणाऱ्या मुलाची सात भागांची मालिका आहे. पहिलं १९९७ चं आणि सातवं २००७ चं, या दहा वर्षांत हिरो अकराचा सतराचा होतो आणि पुस्तकं पण त्याच्याबरोबर जाड आणि काळी होत जातात. ब्रिटिश आवृत्तीत पहिला भाग २२३ पानांचा आहे आणि पाचवा ७६६ पानांचा. आता "हॅरी पॉटर आठ वर्षांच्या मुलाला चालेल का" या प्रश्नाला एक उत्तर कसं असणार, तुम्हीच सांगा.

दुसरा प्रश्न वयाचा, तो का विचारायचा ते सांगते. आज जे तिशी-पस्तिशीतले आहेत ना, ते हमखास म्हणतात की काही होत नाही हो, आम्ही पण लहानपणीच वाचलं. पण त्यातल्या बऱ्याच जणांना पुस्तकं निघतील तशी मिळाली. चौथा भाग २००० मध्ये आला आणि पाचवा थेट २००३ मध्ये, म्हणजे ज्याने दहाव्या वर्षी चौथा वाचला त्याच्या हातात पाचवा पडला तोवर तो तेरा वर्षांचा घोडा झालेला होता. आजच्या मुलाला वाढदिवसाला सातांचा बॉक्ससेट मिळतो आणि वाचायची हौस असेल तर ते एका मे महिन्यात पहिल्यावरून सातव्यावर जाऊन पोचतं. तेव्हा जो गॅप आपोआप पडायचा तो आता आपल्याला पाडावा लागतो. म्हणून जुन्या वाचकाचं मत खोटं नसतं, पण जसंच्या तसं आपल्या पोराला लावता येत नाही.

आता भागवार बघू, लोक काय म्हणतात आणि त्याचं काय करायचं.

पहिल्या भागाबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "सुरुवात बोअर आहे". आहेच. पहिल्या धड्यात हॅरी फक्त शेवटी येतो, तोही तान्हं बाळ म्हणून, आणि तोवर आपण त्याच्या काकांबरोबर, म्हणजे ड्रिल बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या एका चिडक्या माणसाबरोबर ऑफिसला जाऊन येतो. मोठ्यांना यातला तिरकसपणा आवडतो, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कळतच नाही की गोष्ट कुणाची आहे. यावर उपाय सोपा आहे, पहिला धडा तुम्ही वाचून दाखवा, जमेल तेवढी नाटकं करून. दुसऱ्या धड्यात प्राणिसंग्रहालयातला साप येतो आणि तिसऱ्यात पत्रांचा धुमाकूळ सुरू होतो, तिथून पुस्तक स्वतःच मुलाला ओढून नेतं. तो पत्रांचा धडा खास बघा. पाकिटावर पत्ता काय, तर जिन्याखालचं कपाट! काका दाराची पत्रपेटी खिळे ठोकून बंद करतात तर शनिवारी दोन डझन अंड्यांतून, प्रत्येक अंड्यात एक अशी गुंडाळी केलेली पत्रं निघतात, मग रविवारी काका खुशीत की आज टपाल नाही, आणि धाडधाड धुराड्यातून पत्रांचा पाऊस. इथे जे मूल हसलं नाही त्याच्यासाठी ही मालिका बहुतेक नाही, आणि हे तुम्हाला पन्नासएक पानांत कळतं, सात पुस्तकं विकत घेऊन नाही.

इंग्रजीतून वाचणारी मुलं आणखी एका ठिकाणी अडतात, जादूच्या शाळेच्या राखणदाराच्या, म्हणजे हॅग्रिडच्या बोलण्यावर. तो धडधडीत गावरान इंग्रजी बोलतो आणि ते तसंच उच्चाराप्रमाणे छापलंय, त्यामुळे शाळेतलं इंग्रजी शिकलेल्या मुलाला वाटतं आपल्यालाच वाचता येत नाहीये. ती वाक्यं मोठ्याने वाचायला सांगा, कानाला बरोबर कळतात. आणि मराठीतून वाचायचं असेल तर मंजुल प्रकाशनाची मराठी आवृत्ती आहे, पहिला भाग 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने. मराठी माध्यमातल्या मुलांना उगाच इंग्रजीचा आग्रह धरून पुस्तकाचा अभ्यास करून टाकू नका, फास्टर फेणेच्या विद्याभवनातल्या उचापती ज्याला आवडतात त्याला हॉगवर्ट्सची, म्हणजे हॅरीच्या शाळेची होस्टेल, मास्तर, रात्रीबेरात्री बाहेर पडणं हे सगळं कुठल्याही भाषेत आवडतं.

दुसरा भाग थोडा भीतीदायक. भिंतीवर रंगवलेला धमकीचा मजकूर, दगडासारखी थिजलेली मुलं, आणि जंगलातले ते राक्षसी कोळी. कोळ्यांचा धडा रात्री झोपताना नको, एवढं मी सगळ्या आयांना सांगते. बाकी त्यात गोगलगायी ओकणारा हॅरीचा मित्र रॉन पण आहे आणि बाथरूममधलं रडकं भूत पण आहे, त्यामुळे ताण टिकत नाही.

तिसरा भाग कित्येक वाचकांचा लाडका, माझाही. यात मुख्य खलनायक समोर येतच नाही आणि तरी गोष्ट सगळ्यात घट्ट बसलीय. पण डिमेंटर इथेच येतात, ते जवळ आले की माणसातला आनंदच शोषून घेतात. लेखिकेने, जे. के. रोलिंग यांनी, स्वतः सांगितलंय की हे डिप्रेशनच्या अनुभवातून आलंय, त्यामुळे मोठे वाचक या भागाबद्दल फार हळवं लिहितात. मुलांच्या लक्षात मात्र राहतं की त्यावर चॉकलेट खायचं असतं, आणि ते ठीकच आहे.

मग येतो चौथा, आणि इथे थांबायचं. तीनपर्यंतची मतं आणि चारनंतरची मतं एका पिशवीत टाकूच नका. चौथ्याच्या शेवटी स्मशानात एका शाळकरी मुलाला सहज, एका वाक्यात मारून टाकतात (नाव सांगत नाही, लोक स्पॉयलरबद्दल फार चिडतात), आणि त्यापुढचा सगळा प्रसंग अंगावर येणारा आहे, कढई, हाडं, तोडलेला हात, सगळं. जे पालक "भयंकर आहे" म्हणतात ते नव्वद टक्के याच पानांबद्दल बोलत असतात असा माझा अंदाज. माझा हिशेब असा, की पहिले तीन आठ-नऊपासून चालतील, चौथा दहा-अकराच्या आधी नको, आणि आईबापांपैकी एकाने तरी शेवटचे काही धडे आधी वाचून ठेवावेत, म्हणजे रात्री प्रश्न आला तर तोंड उघडता येतं.

पाचव्याबद्दल मतं एकदम दोन टोकांची. "हॅरी सारखा ओरडत असतो, कंटाळा आला" हे दहा वर्षांच्या वाचकाचं मत, आणि "हाच बेस्ट भाग" हे चौदा वर्षांच्या वाचकाचं मत. चौदाव्या वर्षी आपणही ओरडतच असतो. यातल्या अंब्रिज बाई बघा, गुलाबी स्वेटर, भिंतीवर मांजरांच्या पिल्लांच्या बशा, गोड आवाज, आणि शिक्षा म्हणून अशा लेखणीने लिहायला लावतात की अक्षरं मुलाच्या हातावर कोरली जातात. मुख्य खलनायकापेक्षा या बाईंचा राग जास्त येतो असं सांगणारे वाचक ढिगाने भेटतील, कारण काळा जादूगार कुणी बघितलेला नसतो पण अशा मॅडम कुणाला ना कुणाला भेटलेल्या असतात. सहावा-सातवा वेगळं सांगायची गरज नाही, पाचवा पचला की मूल विचारायला येतच नाही, स्वतःच घेतं.

आता मुलांची मतं कशी काढायची. "आवडलं का?" विचारलंत तर "हो" येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा, कुठे थांबलास? कुणाचा राग आला? कुठला नियम मूर्खपणाचा वाटला? हा शेवटचा प्रश्न तर हमखास चालतो, कारण क्रिकेट खेळणारं कुठलंही पोर क्विडिचवर, म्हणजे झाडूवर बसून हवेत खेळायच्या त्यातल्या खेळावर, भांडायला तयार असतं. गोलला १० पॉइंट आणि स्निच नावाचा छोटा सोनेरी चेंडू पकडला की १५० आणि वर खेळ पण संपतो, मग बाकीचे सहा जण काय नुसते हवेत फिरायला ठेवलेत? बरोबर आहे त्याचं! मग त्याला चौथ्यातली वर्ल्ड कपची मॅच दाखवा, तिथे स्निच बल्गेरियावाला पकडतो आणि मॅच आयर्लंड १७०-१६० ने जिंकते. स्नेप नावाच्या मास्तरवरही असंच, मुलं त्याला शिव्या देतात आणि मालिका संपवलेले मोठे लोक दोन पार्ट्या करून भांडतात. मुलाने मालिका संपवली नसेल तर त्या भांडणाच्या आसपास त्याला फिरकू देऊ नका.

मुलांच्या मताला हलकं घेऊ नका हे सांगायला एक खरा किस्सा पुरे. हस्तलिखित बऱ्याच प्रकाशकांनी नाकारल्यावर ब्लूम्सबरीकडे आलं, तिथल्या नायजेल न्यूटन यांनी सुरुवातीची पानं घरी आठ वर्षांच्या मुलीला दिली आणि तिने पुढची पानं मागून मागून बापाला भंडावून सोडलं. पुस्तक निघालं. पहिल्या छपाईत हार्डबॅकच्या फक्त ५०० प्रती होत्या.

टीकाकारांची मतं पण वाचा, फक्त ती कशावर आहेत ते बघा. हॅरोल्ड ब्लूमसारख्या मोठ्या समीक्षकाने २००० च्या सुमारास भाषा घिसीपिटी आहे म्हणून झोडलं होतं, आणि काही ठिकाणी ते खरंही आहे, पण ज्या मुलाने आयुष्यात वीस पुस्तकं वाचलीत त्याला काय घिसंपिटं वाटणार? त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने मुलांच्या पुस्तकांची बेस्टसेलर यादी वेगळी काढली, कारण मोठ्यांच्या यादीतल्या वरच्या जागा ही पुस्तकं सोडायलाच तयार नव्हती. जादूटोण्याची भीती घालणाऱ्या मतांचं म्हणाल तर अमेरिकेत त्यावरून लायब्ररीतून पुस्तकं काढायच्या मागण्या झाल्या, पण वाचून बघा, इथली जादू म्हणजे होमवर्क, परीक्षा आणि नापास व्हायची धास्ती. आणि अलीकडे ऑनलाइन कमी स्टार दिसले तर आधी मजकूर वाचा, ट्रान्स लोकांबद्दलची लेखिकेची २०२० पासूनची विधानं पटली नाहीत म्हणूनही बरेच वाचक तसे देतात. तो मुद्दा घरात बोलायचा तर जरूर बोला, मोठ्या मुलांशी बोलायलाच हवा, पण मुलाला कोळ्यांची भीती वाटेल का ते त्या स्टारवरून कळत नाही.

सिनेमा आधी की पुस्तक, यावर माझं मत पक्कं आहे, भाग वाचून झाला की त्याच भागाचा सिनेमा. आठ सिनेमे आहेत, २००१ ते २०११, सातव्या पुस्तकाचे दोन केलेत.

विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. बॉक्ससेट आधी नकोच, एक-एक घ्या. जुन्या पुस्तकांच्या दुकानात 'सॉर्सरर्स स्टोन' दिसलं तर तो नवीन भाग नाही, पहिल्या भागाचं, म्हणजे 'फिलॉसॉफर्स स्टोन'चंच अमेरिकन नाव आहे, आमच्या कपाटात दोन्ही आहेत कारण कुणीतरी वेगळं समजून दिलंय. आणि २०१६ चं 'कर्स्ड चाइल्ड' आठवा भाग म्हणून प्रेझेंट देऊ नका, ते नाटकाचं स्क्रिप्ट आहे, मूल संवाद बघून दोन पानांत ठेवून देतं.