ऊन कागदाचं, सावली शाईची

डेव्हेंटरचा डच चित्रकार बार्थोलोमेउस ब्रेनबर्ख १६१९च्या सुमारास रोमला गेला आणि दहाएक वर्षं तिथेच राहिला. पडक्या भिंती, झुडपं, भगभगीत ऊन: तपकिरी वॉशमध्ये, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या शाईत, त्याने हेच काढलं. त्याच्या चित्रांत ऊन म्हणजे कोरा सोडलेला कागद. हे मला उशिरा कळलं; तोवर मी उन्हासाठी पांढरा रंग थापत बसायचे.

त्या काळी बीच लाकडाच्या काजळीपासून केलेली बिस्टर शाई वापरत. लोह-माजूफळाची शाईही होती, पण ती वर्षानुवर्षं कागद खाते. तसं चित्र करून पाहायचं तर अस्सलपणाच्या मागे लागू नका, सेपिया हा गडद तपकिरी जलरंग पुरतो. कागद मात्र जाड, ३०० ग्रॅमचा, सुती घ्या आणि चारही कडा फळीला चिकटवा.

तीन वाट्यांत फिकी, मध्यम, गडद अशा छटा करा. आधी चिटोऱ्यावर लावून वाळू द्या, कारण वॉश वाळला की फिका पडतो. ओल्या रंगावर भरवसा ठेवून मी कित्येक चित्रं मिळमिळीत केली.

पेन्सिलीने भिंत, कमान, दूरची टेकडी अगदी हलकी आखा. ऊन कुठून येतं ते कोपऱ्यात बाण काढून ठरवा. हा बाण फालतू वाटतो, पण अर्ध्या तासाने तोच वाचवतो.

आता फळी थोडी तिरकी धरा आणि उन्हाच्या जागा वगळून सगळ्या सावल्यांवर फिका वॉश एका दमात उतरवा. खाली साचलेला थेंब पिळलेल्या कुंचल्याने उचला. मग थांबा! अर्धवट ओल्या भागात पुन्हा कुंचला गेला की पाणी मागे पसरून फुलकोबीसारखा डाग पडतो, आणि तो निघत नाही. कागद हाताच्या पाठीला गार लागतोय तोवर तो ओलाच आहे.

दुसऱ्या थरात मध्यम छटा कमानीच्या आतल्या अंगाला आणि झुडपांच्या पोटाखाली. गडद छटा फक्त अगदी पुढच्या दगडांना. टेकडीला फिक्याच्या पुढे काही नको.

टाकाची रेघ शेवटी. सावलीकडे ती ठाम ओढा, उन्हाकडे तुटू द्या. तिथे कडा पूर्ण केलीत की भिंत पुठ्ठ्याची दिसते.

आकाश रिकामं वाटेल, हात शिवशिवेल. मी एकदा तिथे नुसता फिका हात फिरवला, आणि भिंतीवरचं ऊन तिथल्या तिथे विझलं.