भादव्यात पथक रस्त्यावर काढताना

सोलापूरला पाऊस पडत नाही असं बाहेरगावची माणसं म्हणतात. जून-जुलैत आभाळाकडे बघत बसलं की आपल्यालाही ते पटतं. पण आपला वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात येतो, म्हणजे ऐन गणपतीत. आणि तो कोकणासारखा दिवसभर रिपरिपत नाही. दुपारपर्यंत अंग चिकट करणारा उकाडा, चारच्या सुमारास अक्कलकोटच्या बाजूला काळं दाटून येतं, वारा सुटतो, विजा चमकतात आणि तासाभरात रस्त्याचा ओढा होतो. पूर्वा-उत्तरा नक्षत्रांचा पाऊस असाच. मिरवणुकीची वेळही तीच.

मी ढोल-ताशा पथकात वाजवत नाही. मुलगा ताशावर आहे. मी पाणी, औषधाची पेटी, प्लॅस्टिकचे कागद आणि पोरांच्या आयांचे फोन सांभाळते. त्यामुळे ताल-ठेका कुणी मला विचारू नये, पण आभाळ बिघडलं की काय करायचं ते सांगू शकते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पाऊस आणि वीज हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नुसत्या पावसात वाजवायचं की नाही हा हौसेचा आणि ढोलाच्या पानाचा, म्हणजे ज्यावर टिपरू पडतं त्या पडद्याचा, प्रश्न. विजेत वाजवायचं की नाही, हा प्रश्नच नाही. थांबायचं.

नियम सोपा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. ३० सेकंदांच्या आत गडगडलं तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्या डोक्यावर पडू शकते. लगेच आसरा गाठायचा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. पाऊस उघडला, लख्ख झालं, तरी नाही.

आता यातली खरी गोम. चाळीस ढोल आणि पंधरा ताशे चालू असताना गडगडाट ऐकणार कोण? मधल्या मारुतीजवळच्या दाटीत उभं राहून बघा, शेजारचा कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. रात्री मंडळांचं लायटिंग आणि लेसर इतकं असतं की वीज चमकलेलीही कळत नाही. म्हणून मोजणारा माणूस पथकात ठेवायचाच नाही. तो पथकाच्या बराच पुढे, शक्यतो एखाद्या बोळाच्या तोंडाशी, जिथून आभाळाचा तुकडा दिसतो आणि ढोल जरा दबतात तिथे उभा करा. त्याच्या फोनमध्ये ‘दामिनी’ ॲप असू द्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, आसपास वीज पडत असेल तर नकाशावर दाखवतं आणि मराठीतही चालतं. सकाळी हवामान खात्याचा इशाराही बघून घ्यायचा. पण गर्दीत नेटवर्क जातं, त्यामुळे ॲप असलं तरी डोळे आभाळाकडेच हवेत.

त्यानं थांबा म्हटलं की थांबायचं. त्यावर चर्चा नाही. पोरं म्हणतात, “काय होत नाही ओ काकू, पडू दे की.” म्हणूनच हा अधिकार सरावाच्या पहिल्या दिवशीच एका माणसाकडे द्यायचा आणि सगळ्यांसमोर सांगायचा. आमच्याकडे खूण अशी: ध्वज खाली आला की ताशे बंद. ताशा थांबला की ढोल आपोआप थांबतात. शिट्टीवर विसंबू नका, ऐकू येत नाही. ध्वज खाली आणायचं दुसरं कारणही आहे. उंच काठी, त्यात ती पाइपाची असली तर, त्या चौकातली सगळ्यात वाईट जागा ध्वजवाल्याची. वर विजेच्या तारा असतात त्या वेगळ्याच.

आसरा म्हणजे पक्की इमारत. मांडव नाही, पत्र्याची टपरी नाही, झाड तर मुळीच नाही. बंद काचांची, पत्र्याच्या टपाची गाडी चालते. ट्रॅक्टरची ट्रॉली चालत नाही. मिरवणुकीच्या आधी एकदा पूर्ण मार्ग पायी चाला आणि दर थोड्या अंतरावर कुठं शिरायचं ते ठरवा: शाळा, मंगल कार्यालय, व्यापारी संकुलाचा जिना. मालकाला आधी भेटून या. आयत्या वेळी शटर खाली ओढतात, त्यांचाही दोष नाही.

सरावाला हाच नियम जास्त कडक लावा. होम मैदानासारख्या मोकळ्या जागी उभं पथक म्हणजे सपाटीवरची सगळ्यात उंच वस्तू. आसरा खरंच लांब असेल तर एका घोळक्यात उभं राहू नका, पांगा आणि चालत राहा. आडवं पडायचं नाही. कुणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका, अंगात करंट राहत नाही. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

मंडळाचे अध्यक्ष चिडतात, मागचं मंडळ पुढे सरकतं, नंबर जातो. हे सुपारी, म्हणजे वादनाचं काम, घेतानाच बोलून कागदावर आणा: वीज असेल तर वादन थांबेल, पैसे कापायचे नाहीत. अमेरिकेत ड्रम कॉर्प्स म्हणून पथकं असतात, ड्रम आणि पितळी वाद्यांची, उन्हाळाभर गावोगावच्या फुटबॉल मैदानांवर स्पर्धा करतात. तिथे वीज जवळ आली की स्पर्धा मध्येच थांबते, प्रेक्षकांसकट मैदान रिकामं करतात, कधी उरलेला कार्यक्रम रद्दच होतो. त्यांची अंतिम फेरी २००९ पासून इंडियानापोलिसच्या छपराच्या स्टेडियममध्ये होते. आपल्या रस्त्याला छप्पर नाही, पण थांबायला तर काही खर्च नाही.

नुसता पाऊस असेल तर सांभाळायच्या गोष्टी खाली आहेत, पायाजवळ. ओला गुलाल म्हणजे शेवाळ. कमरेला ढोल बांधलेला माणूस घसरला तर हात टेकायलाही मोकळे नसतात. कोल्हापुरी चपला घरी ठेवा, तळव्याला पकड असलेले बूट घाला. नऊवारी भिजली की जड होते, काष्टा पोटरीपर्यंत वर घ्या. तुंबलेल्या पाण्यातून पथक न्यायचं नाही, खाली उघडं चेंबर असू शकतं. जनरेटरच्या वायरी पाण्यातून गेलेल्या दिसल्या की आधी जनरेटर बंद करायला लावा, मग पुढे चला. आणि लेझीमवाल्यांनो, ओली मूठ हातातून सुटते. दोन रांगांतलं अंतर वाढवा.

उन्हाचं वेगळं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला आपल्याकडे पारा चाळिशीच्या आसपास असतो. सराव दोन आठवडे आधी सुरू करून रोज थोडा थोडा वाढवा, अंगाला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच. तहान लागायची वाट न बघता पाणी द्या. ओआरएसची पुडी मिळाली नाही तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चक्कर येऊन घाम फुटलाय तोवर सावली, पाणी, पाय वर. पण पोरगं असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं, तर तो उष्माघात. १०८ येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता वाद्यं. फायबरच्या पानांना पावसाचं फारसं काही नाही. कातड्याचं पान भिजलं की सैल पडतं, आवाज बसतो, आणि पोरं लगेच दोऱ्या आवळायला धावतात. तेच करायचं नाही. ओलं पान ताणलं की वाळताना आक्रसतं आणि फाटतं. उलट दोरी जराशी सैल करा, कोरड्या फडक्यानं पुसा, सावलीत पंख्याखाली ठेवा. हलगीवाले कागद पेटवून शेकतात ते बरोबर, पण आधी पुसून आणि लांबून. चिंब हलगी जाळावर धरली की ती गेलीच. लेझमीच्या साखळीवर, चकत्यांवर खोबरेल तेलाचं बोट फिरवा.

आणि रात्री कितीही उशीर झाला तरी ओले ढोल गोदामात एकावर एक रचून कुलूप लावून जाऊ नका, दोन दिवसांत बुरशी येते. पान बदलायचं असेल तर त्याच आठवड्यात कारागिराकडे टाका. पुढे नवरात्र असतं, तेव्हा सगळीच पथकं त्याच्या दारात उभी असतात.